टाच

एकशेतीस किलोचा डेडलिफ्ट मारतो मी.
अमळनेरला पतसंस्थेत कॅशियर,
दिवसभर खुर्ची, संध्याकाळी लोखंड.
जिमच्या आरशातला माणूस मला आवडायचा.
त्याला कोणी कधी वाकायला सांगितलं नव्हतं.

मग डिसेंबरातली भरीत पार्टी, बोरीकाठच्या मळ्यात.
पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी,
बडगीत मुसळाची धपधप,
भोवती चाळीस माणसं उकिडवी.
मीही बसलो,
आणि सरळ मागे कलंडलो हरभऱ्यात.
लोटन आबा तंबाखू मळता मळता म्हणाले,
"आंग शे का लाकूड, भो?
दंड एवढा मोठा नि टाच खाले टेकस नही!"

मोटारीच्या खोलीतून कोणी लाल खुर्ची आणली.
चाळीस डोक्यांच्या वर माझं एकटं डोकं,
मांडीवर ताट,
गप्पा सगळ्या गुडघ्यांच्या उंचीवर चाललेल्या.
भरीत झणझणीत होतं म्हणून बरं,
डोळ्यांना कारण मिळालं.

सुलोचना बडगुजर, निवृत्त नर्स,
जिमच्याच गच्चीवर सकाळी सहाला शिकवतात.
अर्ध्या तालुक्याला सुया टोचलेल्या बाईंचं
प्रत्येक आसनाला एकच वाक्य,
"ढिलं सोड. आवळलंस तर दुखेल."

मार्जारासन. पाठ वर, पाठ खाली.
माझी पाठ म्हणजे दिवाळीपासून बंद असलेलं शटर,
चौथ्या दिवशी कडकड करत वीतभर उघडलं.

अधोमुख श्वानासन.
गच्चीखाली सराफाच्या ओट्यावरचं कुत्रं
रोज उठल्या उठल्या हेच करतं,
फी न भरता.
"गुडघे वाकव, पाठ लांब कर,
टाचेची घाई नको," बाई म्हणाल्या.
मला तर टाचेचीच घाई होती.

पश्चिमोत्तानासन.
पायाचे अंगठे इथून नंदुरबारइतके लांब.
तळव्यांना टॉवेल अडकवून ओढलं स्वतःला,
महिनाभरात नरडाणा आलं.
मग शिंदखेड्याला गाडी उभीच,
सिग्नल नाही.
"श्वास रोखलायस," बाई म्हणाल्या.
खरंच की.
नोटा मोजताना रोखतो,
वजन उचलताना रोखतो,
साहेब केबिनमध्ये बोलावतात तेव्हाही.
सोडायचा कधी, हे कुठल्याच रजिस्टरात लिहिलेलं नव्हतं.
सोडला,
आणि हात दोन बोटं पुढे सरकले,
मी काही न करता.

मालासन मात्र शेवटपर्यंत वैरी.
टाचा अधांतरी, मी कधीही मागे.
"खाली काहीतरी घाल."
मी संस्थेतून रद्दीतल्या दोन जाड खतावण्या आणल्या,
कर्जखात्याच्या, बुरशी धरलेल्या,
त्यांवर टाचा ठेवून बसलो.
फेब्रुवारीत एक खतावणी काढली.
मे महिन्यात अमळनेर स्वतःच गरम पाण्याची पिशवी,
सहालाच गच्ची तापलेली,
मांड्या कशा आपोआप सुटत गेल्या,
दुसरी खतावणीही गेली, तिच्या जागी पातळ वही.
पावसाळ्यात वही जाऊन पासबुक.

जिम सोडली नाही. लोखंड अजून आवडतं.
फक्त स्क्वॉटमध्ये आता बार घेऊन खालपर्यंत जातो,
आणि खाली गेल्यावर
वर येण्याची तेवढी घाई वाटत नाही.

पुन्हा डिसेंबर, तोच मळा, तोच धूर.
या वेळी लाल खुर्चीवर लोटन आबा होते,
गुडघ्याचं ऑपरेशन, काठी मांडीवर आडवी.
त्यांना कोणी हसलं नाही.
मी त्यांच्या पायाशी उकिडवा बसलो,
कळण्याच्या भाकरीवर भरीत वाढून ताट वर दिलं.
आबांनी माझ्या पायांकडे बघितलं, बराच वेळ.
"टेकनी का?"
"टेकनी, आबा."

खोटं बोललो थोडं.
डावी टाच अजून उचललेलीच होती,
एका पासबुकाइतकी,
ज्यात बाकी फारशी नाही.